हार्ट म्हणजे नक्की काय?

छातीत जळजळ होते म्हणून एंडोस्कोपी केली आणि रिपोर्टवर 'कार्डिया' हा शब्द दिसला की अनेकांचा चेहरा उतरतो. "डॉक्टर, म्हणजे हार्टपर्यंत गेलंय का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कार्डिओलॉजी, कार्डिओग्राम हे शब्द आपल्या ओळखीचे असल्यामुळे कार्डिया म्हणजे हृदयच असं वाटणं साहजिक आहे. पण तुमच्या रिपोर्टवरचा कार्डिया म्हणजे जठराचं तोंड, जिथे अन्ननलिका जठराला मिळते ती जागा. 'अकॅलेशिया कार्डिया' हा आजारही अन्ननलिकेचा. तिच्या खालच्या टोकाचा स्नायू नीट सैल होत नाही आणि घास अडकतो. हृदयाशी त्याचा काही संबंध नाही.

हा घोळ दोन हजार वर्षांहून जुना आहे. प्राचीन ग्रीक लोक हृदयालाही कार्डिया म्हणत आणि जठराच्या तोंडालाही. दोन्ही अगदी शेजारी, मध्ये श्वासपटलाचा पडदा, आणि दोघांचंही दुखणं छातीच्या मधोमध जाणवतं. मग एकाच शब्दात दोघांची सोय झाली. जळजळीला वैद्य 'कार्डिआल्जिया', म्हणजे कार्डियाची वेदना, म्हणू लागले. इंग्रजीतला 'हार्टबर्न' त्याच जातीचा शब्द आहे. जळते अन्ननलिका, नाव मात्र हार्टचं.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दावर एवढा भार कशाला? कारण हार्ट हा शब्द जेव्हा रुजला तेव्हा हृदय हा पंप आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ॲरिस्टॉटलच्या मते माणूस विचार करतो तो हृदयाने. मेंदूचं काम शरीरातली उष्णता कमी करण्याचं. इजिप्तमध्ये ममी करताना मेंदू नाकावाटे काढून टाकत आणि हृदय मात्र जपून शरीरातच ठेवत. मेल्यावर न्याय करताना देव तराजूत हृदय तोलतो, अशी त्यांची श्रद्धा होती. (आपल्या 'श्रद्धा' शब्दातला 'श्रत्' हासुद्धा मूळचा हृदयवाचक शब्द असल्याचं भाषातज्ज्ञ मानतात. हार्ट, लॅटिन 'कॉर' आणि आपलं 'हृद्' हे तर एकाच कुळातले.)

मन, बुद्धी, धैर्य, आठवण, माया असं सगळं त्या एका अवयवात राहतं असं समजल्यावर भाषेतही ते सगळं तिथेच जाऊन बसलं. शाळेत आपण म्हणायचो, "उद्यापर्यंत बायहार्ट करून ये." चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या काळापासून हा प्रयोग इंग्रजीत आहे, कारण आठवण हृदयात साठते असा समज होता. 'रेकॉर्ड' या शब्दातही तेच 'कॉर' लपलेलं आहे. पुन्हा हृदयात आणणं, म्हणजे आठवणं. 'करेज' म्हणजे धैर्य, तेही कॉरपासूनच. मराठीने हे काम वाटून दिलं. आपण पाठांतर तोंडाने आणि कंठाने करतो, धाडसाला छाती लागते, माया काळजात असते आणि क्षमा करायला मन मोठं लागतं. त्यातही गंमत अशी की ज्या काळजाला आपण हृदय समजतो, त्याचीच बहीण 'कलेजी' मटणाच्या दुकानात मागितली तर यकृत मिळतं. आणि पत्त्यांमधल्या हार्टला तर आपण सरळ बदाम म्हणून टाकलं!

युरोपात हा समज नुसता बोलण्यापुरता नव्हता. हृदय म्हणजेच माणूस, म्हणून राजेरजवाडे ते वेगळं पुरायला सांगत. 'सिंहहृदयी' म्हणून प्रसिद्ध असलेला इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड 1199 मध्ये मेला. त्याचं शरीर फाँतव्रो इथल्या मठात पुरलं आणि हृदय रुआँ शहरात. 2013 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्या पेटीतल्या उरल्यासुरल्या भुकटीचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात पुदिना, धूप आणि पारा यांचे अंश मिळाले.

अशीच एक गोष्ट नाशिकपर्यंत येते. आफ्रिकेचा शोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबो गावी वारला. सुसी आणि चुमा या त्याच्या विश्वासू साथीदारांनी आणि इतरांनी त्याचं हृदय आणि आतले अवयव काढून एका पत्र्याच्या डब्यात घातले आणि तिथेच झाडाखाली पुरले. शरीर उन्हात वाळवून, कापडात गुंडाळून ते अनेक महिन्यांची पायपीट करत समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन गेले. झाडाखालच्या त्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली आणि खोडावर अक्षरं कोरली ती जेकब वेनराइट या तरुणाने. तो गुलामीतून सोडवलेला आफ्रिकन मुलगा होता आणि शिकला होता नाशिकच्या शरणपूरमधल्या मिशनच्या शाळेत. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? लिव्हिंग्स्टनचं शरीर 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरलं गेलं, आणि हृदय आफ्रिकेतच राहिलं.

गमतीचा भाग असा, की तोवर हृदयाचं खरं काम कळून अडीचशे वर्षं होत आली होती. 1628 मध्ये विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक छापलं. त्यातला सर्वात ताकदवान पुरावा साध्या गुणाकाराचा होता. हृदय एका ठोक्याला अगदी थोडंच रक्त ढकलतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारं रक्त संपूर्ण शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरतं. एवढं नवीन रक्त खाल्लेल्या अन्नातून बनणं शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. आजच्या आकड्यांनी तुम्हीही करून पाहा. ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके: मिनिटाला जवळजवळ 5 लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच असतं.

पण मला हार्वीचं दुसरं निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. लहानपणी पडून बरगड्या मोडल्यामुळे एका आयरिश उमरावाच्या मुलाच्या छातीला भोक राहिलं होतं. तो तरुण झाल्यावर हार्वीने त्याला तपासलं, आणि राजा पहिला चार्ल्स यालाही दाखवलं. दोघांनी त्याच्या धडधडणाऱ्या हृदयाला बोट लावलं. त्या मुलाला काहीच जाणवलं नाही! हजारो वर्षं ज्याला भावनांचं घर म्हटलं, त्या अवयवाला स्पर्शच कळत नव्हता.

मग हार्ट अटॅकमध्ये दुखतं कसं? स्नायूला रक्त कमी पडलं की हृदयाच्या नसा वेदनेचा निरोप पाठवतात, पण पत्ता धड लिहीत नाहीत. छाती, डावा हात, जबडा, पोटाचा वरचा भाग इथल्या आणि हृदयाच्या नसांचे निरोप मेंदूकडे जाताना वाटेत एकमेकांत मिसळतात. त्यामुळे मेंदूला दुखण्याची जागा नेमकी सांगता येत नाही. अन्ननलिकेचं दुखणंही त्याच वाटेने येतं. म्हणजे ग्रीकांनी दोघांना एक नाव दिलं ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं.

तुमच्यासाठी कामाचा भाग हा आहे. "ॲसिडिटीच असेल" म्हणून सोडा किंवा गोळी घेतली आणि थोडं बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं सिद्ध होत नाही. छातीवर दाब, घाम, दम लागणं, मळमळ, हातात किंवा जबड्यात दुखणं असं काही असेल तर 108 ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना, वयस्कांना आणि बायकांना छातीत फारसं न दुखताही अटॅक येऊ शकतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबायला सांगतात, ते उगीच नाही.

आणखी दोन शब्दांनी लोक विनाकारण घाबरतात. 'हार्टफेल झालं' म्हणजे आपल्याकडे माणूस गेला. डॉक्टरांच्या भाषेत हार्ट फेल्युअर म्हणजे पंपाचं काम गरजेपेक्षा कमी पडणं. औषधं घेत अनेकजण वर्षानुवर्षं हिंडतेफिरते राहतात. तसंच ईसीजीवर 'बंडल ब्रँच ब्लॉक' लिहिलेलं दिसलं की रक्तवाहिनीत ब्लॉकेज आहे असं समजू नका. तो विजेच्या वायरिंगमधला अडथळा असतो. त्याचा अर्थ काय लावायचा हे डॉक्टरांना विचारा, पण स्टेंट टाकायच्या तयारीने येऊ नका.

राहता राहिलं 'ब्रोकन हार्ट', तुटलेलं हृदय. ही कवींची मालमत्ता असं डॉक्टर समजत होते. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी एक आजार नोंदवला. अचानक मोठा धक्का बसलेली व्यक्ती, बहुतेकदा पाळी गेलेली स्त्री, छातीत दुखतं म्हणून येते. ईसीजी बिघडलेला, रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं, पण अँजिओग्राफीत त्या बिघाडाला कारण ठरेल असा अडथळाच नाही. हृदयाचा डावा कप्पा मात्र खालून फुगलेला आणि गळ्याशी आवळलेला, जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला वापरतात त्या मडक्यासारखा. त्या मडक्याचं नाव ताकोत्सुबो, तेच आजाराला मिळालं. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असू शकतात. हा आजार आणि नेहमीचा अटॅक यांतला फरक घरी बसून कुणालाही ओळखता येत नाही. घरात कुणी गेलं असेल आणि आईच्या छातीत दुखू लागलं, तर "मनाला लागलंय तिच्या, पडू दे जरा" असं म्हणून थांबू नका. आधी ईसीजी काढा.