रोजगार हमी योजना व स्थानिक स्वराज्य संस्था

ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अकुशल अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पुरविण्याची कायदेशीर जबाबदारी शासनावर टाकणारी महाराष्ट्रातील योजना. ग्रामीण दारिद्र्याच्या निवारणात स्थानिक संस्थांच्या अधिकारांना किती महत्त्व असते, हे तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये ती राज्यभर लागू झाली. परंतु त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात तिची जागा दुष्काळी कामांनी घेतली व पुढे १९७४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. निधीसाठी १९७५ पासून व्यवसाय कर आकारण्यात आला आणि त्याच्याइतकीच रक्कम राज्य शासनाने घालावी, असे ठरले. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती.

राज्यात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्य करीत होत्या. तथापि या योजनेची सूत्रे जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडे राहिली. जिल्हा परिषद ही पाटबंधारे, कृषी, वन इ. खात्यांप्रमाणे काम करवून घेणारी एक यंत्रणा ठरली. परिणामी मजुराला कामाचा हक्क मिळाला, तरी काम कोठे व कोणते निघावे हे ठरविण्यात त्याच्या गावाला फारसे स्थान नव्हते. नवे काम काढण्यास किमान पन्नास मजूर लागत. त्यामुळे लहान वाड्या-पाड्यांची अडचण होई. पाझर तलाव, नालाबांध इ. कामांमुळे विहिरींचे पाणी वाढले. मात्र त्याचा लाभ मुख्यतः जमीनधारकांना झाला, भूमिहीनाच्या वाट्याला केवळ मजुरी आली. १९८८ मध्ये मजुरीचे दर वाढल्यानंतर कामाचे मनुष्यदिवस घटले. कायदा कायम असूनही कामेच न निघाल्यास हक्क आकुंचित होतो, हे त्यावरून दिसून आले.

केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी अधिनियमाने खर्चाच्या मानाने किमान निम्मी कामे ग्रामपंचायतींकडे सोपविली व सामाजिक लेखापरीक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला. मजुराची मागणी आणि कामाची निवड यांतील अंतर कमी करण्याचा तो प्रयत्न होता.