समरहिलची बालसभा

मुलामुलींस एकत्र शिकवावे की नाही, या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. परंतु एकत्र आलेल्या या मुलांनी परस्परांशी राहावे कसे, हे ठरविण्याचा अधिकार खुद्द त्यांच्याच हाती द्यावा, असे फारच थोड्यांस वाटले. ए. एस. नील या स्कॉटिश शिक्षकास ते वाटले. त्याने १९२१ मध्ये ड्रेस्डेनजवळ आरंभिलेली व १९२७ पासून इंग्लंडात सफोक परगण्यातील लेस्टन गावी नांदत असलेली समरहिल ही खाजगी निवासी शाळा त्याचेच फळ होय.

येथे तासास बसणे ऐच्छिक आहे. निजण्याची वेळ, भांडणतंटे, दंड यांचा निर्णय सभेत होतो. तेथे लहानग्या मुलीचे मत एक, मुख्याध्यापकाचेही एकच. (आमच्याकडील वर्गनायक म्हणजे गुरुजींची लांबलेली छडीच!) शिक्षकांची नेमणूक मात्र नीलने सभेकडे सोपविली नाही, आणि ते योग्यच झाले, असे आम्हांस वाटते.

हा सारा पोरखेळ, असे म्हणणाऱ्यांस आम्ही पुढील हकीकत सांगू. १९९९ मध्ये सरकारी तपासनिसांनी ऐच्छिक तासांवर ठपका ठेवला. शाळा बंद पडण्याची वेळ आली. शाळेने दाद मागितली. मार्च २००० मध्ये लंडन येथे सुनावणी चालू असता सरकारपक्षाकडून तडजोड पुढे आली, तेव्हा मुलामुलींनी न्यायालयाच्या त्याच दालनात आपली सभा भरविली, वाद घातला आणि मते घेऊन ती तडजोड मान्य केली. पुढील तपासणीत मुलांचे म्हणणेही विचारात घ्यावे, असे त्या करारात नमूद झाले.