बंदुकीच्या बुडाचा आटा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस बंदुकीवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. पण ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांतला फरक मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि त्याचं इतिहासातलं सगळ्यात चांगलं उदाहरण मला सापडलं ते ठासणीच्या बंदुकीच्या बुडाशी.

साल 1543. जपानच्या दक्षिणेला तानेगाशिमा नावाचं बेट आहे. तिथे एक चिनी जहाज भरकटत येऊन लागलं. त्यावर पोर्तुगीज व्यापारी होते, आणि त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका. बेटाचा तरुण सरदार तोकिताका याने दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला, याइता किनबेई याला, सांगितलं की अशीच बनव. (या बंदुकांची घडण गोवा आणि मलाक्का इथल्या पोर्तुगीज बंदुकांशी जुळते, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे या गोष्टीचं एक टोक आपल्या दाराशीही आहे.)

किनबेई तलवारींच्या परंपरेतला कारागीर. लोखंड कसं तापवायचं, कसं ठोकायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. नळी झाली. बाहेरून पाहिलं तर हुबेहूब. अडलं ते नळीचं बूड बंद करण्यावर. मूळ बंदुकीत तिथे मळसूत्र होतं, म्हणजे आपण ज्याला स्क्रू म्हणतो ते. जपानी कारागिरांच्या व्यवहारात मळसूत्र तोवर नव्हतंच. बुडाचा खिळा बाहेर काढला तर त्यावरचे आटे दिसतात. ते कानशीने घासून करताही येतील. पण नळीच्या आत, बोटभर भोकात, त्याला बरोबर बसणारे आटे कसे पाडायचे?

मग बूड तापवून, ठोकून, कायमचं बंद का करू नये? इथे देखभालीचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते तोच गाभ्याचा आहे. काळी दारू म्हणजे ढोबळमानाने 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन धूर आणि काजळीसारख्या घन पदार्थांच्या रूपात उरतं. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. रात्रभर तशीच ठेवलेली नळी सकाळी आतून ओली होते आणि गंजू लागते. सगळ्यात जास्त घाण साठते बुडाशी, कानाच्या छिद्राजवळ, म्हणजे नेमकी जिथे दारूचा स्फोट सोसायचा तिथे. बूड उघडता आलं, तर दोन्ही बाजूंनी पाणी घालून नळी धुता येते आणि आरपार बघताही येते. नाही उघडलं, तर वरून गज घालायचा आणि देवावर भरवसा ठेवायचा.

दुसऱ्या वर्षी पुन्हा जहाज आलं. त्यावर एक परदेशी लोहार होता. किनबेईने त्याच्याकडून हे बूड शिकून घेतलं, आणि वर्षभरात बेटावर काही दहा बंदुका तयार झाल्या. ही हकिकत ‘तेप्पोकी’ या ग्रंथात आहे. तो लिहिला गेला 1606 मध्ये, तोकिताकाच्या मुलाच्या सांगण्यावरून, वडिलांचा गौरव करायला. तेव्हा जरा जपूनच वाचायचा. त्यात सरदाराचं नाव आहे, लोहाराचं आहे, ज्याने शिकवलं त्याचं नाही. पुढे लोककथेने भर घातली, की किनबेईने या विद्येच्या बदल्यात आपली मुलगी वाकासा परदेश्याला दिली. कुनितोमो या बंदूककारांच्या गावात वेगळीच कथा: तिथल्या एका लोहाराने टवका उडालेल्या सुरीने मुळा कोरला आणि त्याला मळसूत्राचं मर्म उमगलं! मला मुळ्याची कथा जास्त आवडते, खरी कोणती हा भाग सोडा.

आतले आटे पाडायची एक जपानी पद्धत मात्र कळलेली आहे. आट्यांचा खिळा तयार करायचा, नळीचं बूड लालबुंद करायचं, खिळा आत घालायचा आणि बाहेरून ठोकायचं. तापलेलं लोखंड आट्यांवर दबतं आणि त्यांचा ठसा घेतं. म्हणजे प्रत्येक नळीचा खिळा तिचा तिलाच. दुसऱ्या बंदुकीचा बसेलच असं नाही.

आता वंगण. आट्यांत घाण आणि ओल शिरली की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन आट्यांमधली फट भरते आणि खिळा जाम होतो. जोर लावला की आटेच कापले जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, शक्य तर गरम, कारण हे क्षार पाण्यातच विरघळतात, तेलात नाहीत. मग कोरडं करणं. शेवटी आट्यांना चरबी किंवा मेण मिसळलेलं तेल. घाणीवरच तेल चोपडलं तर काळा डांबरासारखा लगदा होतो. जुने प्लंबर नळाच्या आट्यांना धागा आणि सफेदा लावत, ते आठवा: फट भरायची, पाणी अडवायचं, आणि जोड पुढे उघडायचाही ठेवायचा.

युरोपात मात्र उलटी शिस्त. तिथल्या बुडाच्या खिळ्याला शेपटी असे, ती लाकडात स्क्रूने बसवलेली. खिळा आवळून थांबतो तेव्हा शेपटी बरोबर वर यायला हवी. वारंवार उघडला तर आटे झिजतात आणि शेपटी जागा चुकते. म्हणून साध्या शिपायाने बूड उघडायचं नाही, ते काम हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. आळस नव्हता तो. घडणच वेगळी होती.

एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक आली आणि आटे शिपायाच्या हाती आले. टोपी ज्या बोंडीवर बसते ती बोंडी आट्यांनीच नळीत बसवलेली. टोपीत पोटॅशियम क्लोरेट असेल तर जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, ते जवळजवळ मिठाचं भावंड. बोंडी न काढता महिनाभर ठेवली की अडकलीच. शिपायाच्या पिशवीत बोंडीचा पाना असायचा तो यासाठी.

‘मग 1857ची चरबी?’ असं कुणी तरी मागून विचारतंय. ती काडतुसाची, गोळी सहज खाली जावी म्हणून लावलेली, आट्यांची नव्हे. बंदूक मात्र ठासणीचीच, एनफील्ड. पण त्या विषयाला पाच मिनिटं पुरणार नाहीत, ते पुढच्या गुरुवारी.