चेंगराचेंगरी कोणी केली?



आपल्या भाषेत काही शब्द असे आहेत की, ते तोंडातून बाहेर पडतानाच निकाल देऊन मोकळे होतात. मारामारी, ढकलाढकली, चेंगराचेंगरी. जे काही झाले ते सर्वांनी मिळून एकमेकांना केले, असे या शब्दांची घडणच सांगते. मग तिसरा कोणी दोषी असण्याला जागाच उरत नाही. इंग्रजी वृत्तपत्रे अशा वेळी जो शब्द वापरतात, तो तर उधळलेल्या गुरांच्या कळपाचा आहे. १९७९ साली अमेरिकेत ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटी शहरात, रॉक संगीताच्या एका कार्यक्रमाच्या दारात अकरा माणसे मेली, तेव्हा हाच शब्द जगभर छापून आला. तो खरा होता काय, एवढेच आज पाहायचे आहे.

रॉक संगीताविषयी आपल्यापैकी पुष्कळांचे मत फारसे बरे नाही, हे मी जाणून आहे. कोणाला तो गोंगाट वाटतो. असो. परंतु मैफलीत पुढच्या सतरंजीवर बसून गवयाचा श्वास ऐकण्याचे सुख ज्याला ठाऊक आहे, त्याला या पोरांची ओढ कळायला हरकत नाही. ‘द हू’ हा लंडनचा चार जणांचा ताफा. पीट टाउनशेंड गिटार वाजवी आणि गीते रची, रॉजर डॉल्ट्री गाई. त्यांचा ढोल-ताशेवाला कीथ मून १९७८ मध्ये वारला होता, आणि नवा वादक घेऊन ते अमेरिकेत आले होते. यांचा आवाज इतका मोठा की, तो कानांनी नव्हे, छातीने ऐकावा लागे. रेकॉर्डवर तो मिळत नसे. त्यासाठी रंगमंचाच्या पुढ्यातच उभे राहायला हवे.

आणि पुढ्यात उभे राहण्याची एक सोय होती. रिव्हरफ्रंट कोलिझियम या सभागृहाची त्या दिवशीची एकूण १८,३४८ तिकिटे. त्यांपैकी १४,७७० तिकिटांवर आसनाचा क्रमांकच नव्हता. जो आधी शिरेल त्याची पुढची जागा. या पद्धतीला तिकडे ‘उत्सवी बैठक’ असे गोंडस नाव होते. न्यायाने सांगायचे तर, रसिकांनाही ती आवडे. चार तास थंडीत उभे राहण्याची तयारी असलेला विद्यार्थी धनिकाच्या मुलापुढे उभा राहू शकत असे. पण चालकांना ती का आवडे, हेही पाहिले पाहिजे. खुर्च्या मांडायला नकोत, जागा दाखवणारी माणसे कमी, आणि उभी माणसे जास्त मावतात. समतेचे नाव आणि काटकसरीचे काम, असा हा मेळ होता.

३ डिसेंबर, सोमवार. कार्यक्रम रात्री आठचा, दारे सातला उघडायची. लोक दुपारपासूनच पश्चिमेकडील दारांपुढच्या पटांगणात जमू लागले. नदीवरून बोचरे वारे येत होते. अंधार पडेपर्यंत हजारो लोक दाटीवाटीने उभे होते. आत वादक वाद्ये जुळवून पाहत होते. तो आवाज बाहेर आला, आणि मागच्यांना वाटले, कार्यक्रम सुरू झाला. मग दारे उघडली; पण काचेच्या दारांची लांबलचक रांग असताना उघडली ती मोजकीच. दार उघडायचे म्हणजे तिथे तिकीट घेणारा माणूस हवा, आणि माणूस म्हणजे मजुरी. ज्यांनी कारखान्याच्या फाटकाशी आयुष्य काढले आहे, त्यांना हा हिशेब नवा नाही. पाळी सुटल्यावर हजार कामगार एका खिडकीवजा दारातून बाहेर पडतात, ते काही त्यांच्या हौसेने नव्हे. दाराची रुंदी कामगार ठरवत नाही.

पुढे काय झाले ते त्या गर्दीतून वाचलेल्यांनी सांगितले आहे, आणि ते सावकाश ऐकण्यासारखे आहे. त्यात कोणी पळत नव्हते. पळायला जागाच नव्हती. एका चौरस मीटरमध्ये सातेक माणसे कोंबली की, गर्दी पाण्यासारखी वागू लागते. मागे कोणी अर्धे पाऊल सरकला की, त्याची लाट पुढे येईपर्यंत तिच्यात शेकडो माणसांचे वजन भरते. माणसांचे पाय जमिनीवरून उचलले जात. हात छातीशी अडकले की ते वर काढता येत नसत. लोक माना वर करून, बुडणारा घेतो तशी हवा घेत होते. छाती फुगायला जागा नसली की श्वास आत येत नाही. माणूस तुडवला न जाता, उभ्या-उभ्या गुदमरतो. अकराही जण श्वास कोंडूनच गेले. त्यांत चार स्त्रिया आणि सात पुरुष होते. सर्वांत लहान दोन मुली पंधरा-पंधरा वर्षांच्या, सर्वांत मोठी सत्तावीस वर्षांची. गर्दी ओसरली तेव्हा फरशीवर जोडे, चपला आणि कोट यांचा खच पडला होता.

मागच्यांना यातले काही दिसत नव्हते. किंकाळ्या त्यांना आनंदाच्या वाटल्या. आत गेलेल्यांनाही पत्ता नव्हता. कार्यक्रम थांबवला तर हजारो लोक बिथरतील, या विचाराने अधिकाऱ्यांनी तो चालू ठेवला, आणि वादकांना शेवटचे गीत संपेपर्यंत कोणी काही सांगितले नाही. टाळ्या वाजवून बाहेर पडलेल्या कित्येकांना बातमी कळली ती गाडीतल्या रेडिओवर. घराघरांत आईबाप दूरध्वनीजवळ बसून होते.

दुसऱ्या दिवशी दोष कोणाला? पोरांना. रानटी, नशेबाज, एकमेकांना तुडवून पुढे जाणारी पोरे. हे लिहिणाऱ्यांपैकी पटांगणात किती जण उभे होते, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

सिनसिनाटी विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ नॉरिस जॉन्सन यांनी पोलिसांनी नोंदवलेले जबाब बारकाईने वाचले आणि १९८७ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांना उधळलेला कळप सापडला नाही. सापडली ती पडलेल्याला उठवणारी, अनोळखी मुलीला डोक्यावरून पुढे सरकवणारी, मागच्यांना ‘थांबा, थांबा’ म्हणून ओरडणारी माणसे. स्वतःचा श्वास कोंडत असतानाही बहुतेकांनी शक्य तितकी मदत केली होती. थांबले ते हात हलवणेच अशक्य झाल्यावर.

शहराने मात्र एक गोष्ट लगेच केली. २७ डिसेंबर १९७९ रोजी, म्हणजे महिनाही उलटला नव्हता तोच, नगरपालिकेने विनाक्रमांक बैठकीवर बंदी घातली. ती बंदी २००४ पर्यंत टिकली. एका शहराच्या कायद्याने जग शहाणे होत नसते. ३० जून २००० रोजी डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डे येथे ‘पर्ल जॅम’च्या कार्यक्रमात नऊ जण रंगमंचापुढे गुदमरले. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ह्यूस्टनमध्ये रॅप संगीताच्या कार्यक्रमातील गर्दीने दहा बळी घेतले. त्यांत नऊ वर्षांचे एक मूल होते.

सिनसिनाटीच्या त्या सभागृहाबाहेर अकरा नावांची खूण उभी राहायला २०१५ साल उजाडावे लागले, आणि तीही वाचलेल्यांनी व नातेवाइकांनी नेट लावला म्हणून. मृतांपैकी तिघे फिनीटाउन या एकाच उपनगरातील शाळेचे. त्यांच्या नावाने तिथे शिष्यवृत्त्या दिल्या जातात. २०१८ मध्ये डॉल्ट्री त्या शाळेतले स्मारक पाहून गेले. १५ मे २०२२ रोजी, बेचाळीस वर्षांनंतर, ‘द हू’ पुन्हा सिनसिनाटीत वाजवायला आले, तेव्हा १९७९ च्या पटांगणातून जिवंत परतलेले काही जण, आता साठीला टेकलेले, श्रोत्यांत बसले होते.