अनुच्छेद 41 : हक्काची दोन मापे

वार्धक्य, आजारपण, बेकारी व विकलांगता या अवस्थांत नागरिकास सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळावा यासाठी राज्याने तरतूद करावी, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 41 सांगतो. त्याला अट एकच, राज्याच्या आर्थिक क्षमतेची. मात्र अनुच्छेद 37 मुळे मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येत नाही.

तरीही आम्हा सरकारी सेवकांचे वार्धक्य न्यायालयाने सुरक्षित केले. 31 मार्च 1979 पूर्वी निवृत्त झालेल्यांना सुधारित निवृत्तिवेतनातून वगळले गेले, तेव्हा डी. एस. नाकरा सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी निर्णय दिला : निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरील बक्षिसी नव्हे, तो हक्क आहे.

ज्यांना मालकच नव्हता, अशा शेतमजुरांना व निराधारांना केंद्रीय साहाय्यासाठी 15 ऑगस्ट 1995 पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाने 65 वर्षांवरील निराधारांना दरमहा 75 रुपये केंद्रीय साहाय्य दिले. 2006 मध्ये ते 200 रुपये झाले. 2011 मध्ये वयोमर्यादा 60 वर आली आणि 80 वर्षांवरील वृद्धांना 500 रुपये मिळू लागले. 60 ते 79 वयोगटाचे 200 रुपये मात्र त्यानंतर दशकभर उलटले तरी तेवढेच राहिले. काही राज्ये स्वतःची भर घालतात. त्यामुळे वृद्धाचा हक्क तो कोणत्या राज्यात राहतो यावर ठरतो.

विकलांगांची गोष्ट याहून विचित्र. 1995 च्या कायद्याने 40 टक्के विकलांगता असलेल्या व्यक्तीस विकलांग मानले. 2009 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनासाठी मात्र 80 टक्के विकलांगता आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, अशा दोन्ही अटी घातल्या गेल्या. एका कायद्यात विकलांग ठरलेला मनुष्य दुसऱ्या योजनेच्या दारात पुरेसा विकलांग ठरत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला रकमेहून तिची रचना महत्त्वाची वाटते. 2004 पूर्वी सेवेत आलेला मी निवृत्त होईन, तेव्हा माझ्या निवृत्तिवेतनावर महागाई निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा भत्ता वाढेल. त्यासाठी मला कुणाकडे अर्ज करावा लागणार नाही. शेतमजूर वृद्धेच्या 200 रुपयांना असा कोणताही निर्देशांक जोडलेला नाही. भाव वाढतात, रक्कम तीच राहते. म्हणजे कोणताही आदेश न काढता तिचे साहाय्य दरवर्षी कमी होते.

आर्थिक क्षमतेची मर्यादा मला मान्य आहे. पण ती एकालाच लागू होत असेल, तर तिला मर्यादा न म्हणता निवड म्हणावे लागेल. रक्कम वाढवण्याइतकेच ती निर्देशांकाशी जोडणे निकडीचे आहे. तोपर्यंत नाकरा निकालाने बक्षिसी आणि हक्क यांत आखलेली रेषा आमच्या कार्यालयांच्या भिंतीपाशीच संपते.