नाव घेणारे गाणे : झुलू स्त्रिया आणि गिटार

आमच्या पिढीला गिटार परिचित झाली ती चर्चच्या गायनवृंदामुळे. पेटी आणि व्हायोलिन यांच्या शेजारी ती केव्हा येऊन बसली ते कळलेही नाही. मात्र ती मांडीवर घेऊन बसणारा बहुधा एखादा तरुणच असे, आणि मुली उभ्या राहून गात. वाद्य मुलांचे आणि कंठ मुलींचा, ही वाटणी कोणी केली, असा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांच्या गिटार-संगीताविषयी वाचताना. तेथे ही वाटणी कशी झाली याचा माग लागतो, आणि तो माग मोठा उद्‌बोधक आहे.

या संगीताला मस्कंदा म्हणतात. बोअर लोकांच्या आफ्रिकान्स भाषेत वादकाला 'म्युझिकांट' असा शब्द आहे, त्याचेच हे झुलू रूप. मस्कंदाच्या गाण्याची एक ठरलेली घडण असते. आरंभी वादक गिटारीच्या तारांवरून झरझर बोटे फिरवून तालाविना स्वरांची एक लड सोडतो. तिला इझिह्लाबो म्हणतात. आपल्याकडील आलापाप्रमाणे वादकाची तयारी जाणकारांना तेथेच कळते. मग मुख्य गाणे सुरू होते. आणि गाणे रंगात आले की गायक एकाएकी गाणे थांबवून, गिटार चालू ठेवून, अतिशय जलद बोलू लागतो. मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या नदीकाठचा, अमक्या सरदाराच्या मुलखातला! या बोलांना इझिबोंगो असे नाव आहे. राजांच्या दरबारी भाट जी स्तुतिकवने म्हणत, त्यांचाच हा सामान्य माणसाने आपल्यापुरता घडवलेला अवतार. थोडक्यात, मस्कंदा हे स्वतःचे नाव घेण्याचे गाणे आहे.

हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील प्रश्नाचे मोल कळेल. ज्या समाजात सुनेने सासऱ्याचे नाव ओठांवर आणायचे नाही, त्या समाजातील स्त्री हे गाणे कसे गाणार?

परंतु गिटारीच्या आधीची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे, कारण त्या वेळी तार स्त्रियांच्या हाती होती. झुलूंचे जुने एकल वाद्य म्हणजे धनुष्य. उगुभू हे त्यांतील मोठे. पिंजाऱ्याच्या धनुकलीची आठवण व्हावी अशा लाकडी कमानीला एक तार, खालच्या टोकाजवळ पोकळ भोपळा. तारेवर गवताच्या काडीने आघात करायचा, तार दोन बोटांच्या चिमटीत धरून दुसरा स्वर काढायचा, आणि भोपळ्याचे उघडे तोंड छातीशी जवळ-दूर करीत मूळ स्वरातून निघणारे सूक्ष्म उपस्वर निवडून वर आणायचे. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकला आहे त्यांना या नादाची कल्पना येईल. दुसरे धनुष्य उमाख्वेयाना. हे शेजारच्या त्सोंगा लोकांकडून एकोणिसाव्या शतकात आले असे मानतात. त्याची तार मध्याजवळ एका वळ्याने विभागलेली असते, आणि भोपळा तेथेच बसवलेला असतो. ते विशेषकरून अविवाहित मुलींचे वाद्य. प्रियकराची वाट पाहणे, त्याच्यावर रुसणे, त्याने फसवले म्हणून शोक करणे, हे सारे ती त्याच्या साथीने गाई. ऐकायला श्रोतृवृंद लागत नसे. वाद्याचा आवाजच इतका हळुवार की वाजवणारीच त्याची पहिली श्रोती.

या वाद्यांची आरंभीची शास्त्रीय नोंद करणाऱ्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होते, ही गोष्ट आम्हांला अभिमानाने सांगावीशी वाटते. फादर फ्रान्झ मायर हे ऑस्ट्रियातील टायरोल प्रांताचे. नाताळात मिशनकार्य करीत असता त्यांनी झुलू संगीतावर एक छोटा अभ्यासलेख सिद्ध केला, आणि तो १९०८ साली नाताळच्या वस्तुसंग्रहालयाच्या वार्षिकात प्रसिद्ध झाला. मात्र अभिमानाबरोबर दुसरी बाजूही सांगणे प्राप्त आहे. त्या काळी बहुतेक मिशनांमध्ये, मग ती कोणत्याही पंथाची असोत, बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी जुनी नृत्ये व गाणी सोडावीत अशीच अपेक्षा असे. फादर मायर ज्यांची नोंद करीत होते, तीच वाद्ये अनेक मिशनांच्या आवारांतून बाहेर पडत होती.

तथापि धनुष्य मागे पडण्याचे मुख्य कारण मिशन नव्हे, ते अधिक रोकडे होते. १९०५ साली नाताळ सरकारने प्रौढ पुरुषांवर एक पौंड डोईपट्टी बसवली. तिच्याविरुद्ध १९०६ साली बंबाथा या सरदाराने उठाव केला. गांधीजींनी ज्यात जखमींच्या शुश्रूषेसाठी भारतीयांचे पथक नेले, तोच हा संग्राम. पुढे १९१३ च्या जमीन कायद्याने देशातील सुमारे सात टक्के भूमीच तेवढी आफ्रिकी लोकांसाठी राखून ठेवली. कर रोख पैशात भरायचा आणि कसायला जमीन नाही, अशा कोंडीत सापडलेला झुलू पुरुष जोहान्सबर्गच्या खाणींकडे आणि डर्बनच्या गोदीकडे निघाला. बायको गावी राहिली. १८९१ च्या नाताळ कायदेसंहितेने स्त्रीला आजन्म अज्ञान ठरवले होते. बाप, नवरा वा मुलगा यांपैकी कोणीतरी तिचा पालक असायचाच. शहराची वाट तिच्यासाठी बंदच होती म्हणा ना.

शहरात आणि खेडोपाडीच्या दुकानांत स्वस्त गिटारी मिळत. मजुरीच्या पैशातून विकत घेतलेली गिटार गळ्यात अडकवून मैलोन्‌मैल चालत जाणारा तरुण, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झुलूंच्या मुलखातले ओळखीचे दृश्य झाले. गिटार चालण्याची सोबत होती, आणि मुलींना मोहवण्याचे साधनही! या तरुणांतून पुढे आलेला सर्वांत नामांकित वादक जॉन भेंगू (१९३०-१९८५). त्याने फुझुशुकेला हे टोपणनाव घेतले. त्याचा अर्थ 'साखर पिणारा'. केवळ तारा छेडण्याऐवजी एकेक तार बोटांनी वेचून वाजवण्याची पद्धत लोकप्रिय करण्याचे श्रेय त्याला देतात.

आता यातील मर्म पाहा. ही वेचून वाजवण्याची पद्धत युरोपीय गिटारवादनाची नक्कल नव्हे. मस्कंदा वादक गिटारीची सर्वांत बारीक तार एक स्वर खाली उतरवून घेतात, खर्जाच्या तारांवर मूळ स्वरांची अदलाबदल चालू ठेवतात आणि वरच्या तारांवर उतरती सुरावट खेळवतात. डेव्हिड राइक्रॉफ्ट या अभ्यासकाने दाखवून दिले आहे की हा आकृतिबंध धनुष्यवादनाचा आहे. म्हणजे खालचे मूळ स्वर तारेचे आणि वरची सुरावट भोपळ्यातून निघणाऱ्या उपस्वरांची. मुलीने एकांतात छातीशी धरून जे वाजवले, तेच तिच्या भावाने रस्त्यावर चारचौघांत वाजवले. यात चोरी झाली असे आम्ही म्हणणार नाही, संगीत असेच प्रवास करते. पण भावाच्या वाट्याला रस्ता आला, पुढे ध्वनिमुद्रिका आली, नाव आले. बहिणीचे धनुष्य मात्र भिंतीला टांगलेले राहिले.

नावाची गोष्ट निघालीच आहे, तर ह्लोनिफा नावाच्या चालीविषयी थोडे सांगू. झुलू सून सासऱ्याचे आणि नवऱ्याकडील ज्येष्ठांचे नाव उच्चारीत नाही. इतकेच नव्हे, तर त्या नावातील अक्षरे ज्या नित्याच्या शब्दांत येतात ते शब्दही टाळते व त्यांच्या जागी पर्यायी शब्द वापरते. नवऱ्याचे नाव उखाण्याच्या आडोशानेच घेणाऱ्या आपल्या आजीला हे फार परके वाटले नसते. झुलू स्त्रियांनीही आडोसा शोधला. आपापसांत, पुरुषांच्या कानांपासून दूर, त्या स्वतःची इझिबोंगो रचीत. त्यांत सवतीवर टोमणे असत, सासरच्या जाचाची तक्रार असे. जात्यावर बसून ओवीतून सासूला ऐकवणाऱ्या बाईची आठवण येथे कोणालाही होईल. एलिझाबेथ गनर या विदुषीने १९७९ साली या रचनांवर लिहिले, तोवर स्तुतिकवन म्हणजे पुरुषांचे काम असेच बाहेरच्या जगात समजत असत.

धनुष्य भिंतीवरून खाली काढून जगाला ऐकवले ते राजघराण्यातील एका स्त्रीने. राजकन्या कॉन्स्टन्स मगोगो हिचा जन्म १९०० सालचा. तिचा पिता राजा दिनुझुलू याच्यावर बंबाथाच्या उठावानंतर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्याला शिक्षा झाली. अशा विस्कटलेल्या घरात ती आपल्या आज्यांकडून, म्हणजे राजा सेत्शवायोच्या विधवांकडून, उगुभू व जुनी गाणी शिकली. पुढे तिचा विवाह बुथेलेझी कुळाच्या प्रमुखाशी झाला. राजकारणी मांगोसुथू बुथेलेझी हा तिचा पुत्र. लग्नानंतरही तिने गाणे सोडले नाही. ह्यू ट्रेसी व राइक्रॉफ्ट यांनी तिचे गायन ध्वनिमुद्रित केले म्हणून ते आज ऐकता येते. ती १९८४ साली वारली. २००२ साली तिच्या जीवनावर झुलू भाषेत एक संगीतिका रंगमंचावर आली. संगीतकार मझिलिकाझी खुमालो, आणि मुख्य भूमिकेत गायिका सिबोंगिले खुमालो.

धनुष्याला आणखी एक आश्रय मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. फ्रायहाइट गावाजवळच्या इन्कामाना येथील बेनेडिक्टाइन मठातील ब्रदर क्लेमेंट सितोले हे उमाख्वेयानाचे ख्यातनाम वादक झाले, आणि त्यांनी त्यावर भक्तिगीते रचली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आफ्रिकेतील उपासनेत स्थानिक वाद्यांना दार उघडले, त्याचेच हे फळ. प्रेमात पडलेल्या मुलींचे वाद्य एका व्रतस्थाच्या हाती यावे, यातील गंमत त्यांनाही कळली असेलच.

आणि गिटार? १९७० च्या दशकात मस्कंदात विजेची गिटार, बेस आणि ड्रम आले, वादकांचे ताफे बनले. त्या ताफ्यांत स्त्रियांना जागा मिळाली ती मागे उभे राहून साथीला गाण्याची आणि नाचण्याची. ही चौकट मोडली बुसी म्ह्लोंगो हिने. तिचा जन्म १९४७ साली डर्बनजवळच्या इनांदा येथे. गांधीजींचा फिनिक्स आश्रम याच परिसरातला. वर्णभेदाच्या काळात ती अनेक वर्षे युरोपात राहून गात होती. मायदेशी परतल्यावर १९९० च्या दशकाअखेर तिचा 'अर्बन झुलू' हा गीतसंग्रह निघाला. गिटारी मस्कंदाच्याच, वाजवणारे पुरुषच. पण पुढे उभी राहून गाणारी, मध्येच गाणे तोडून झपाट्याने बोलणारी ती होती. जे बोल पुरुष स्वतःची कुळी सांगण्यासाठी वापरीत, ते तिने पैसा संपल्याचे दुःख सांगायला वापरले, देशबांधवांना शांत व्हा म्हणून विनवायला वापरले. संग्रहाला देशात आणि परदेशांत कीर्ती लाभली. १५ जून २०१० रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले.

तिच्यामागून इझिंगाने झोमा यांसारखे केवळ स्त्रियांचे मस्कंदा गायनसंच गाजले. त्यांचे २००५ सालचे सर्वांत गाजलेले गाणे मात्र जेकब झुमा या पुढाऱ्यावर होते, आणि त्याचे शीर्षकच त्याचे कुळनाव, म्शोलोझी! म्हणजे बायकांनी गिटारीच्या ठेक्यावर इझिबोंगो म्हटली, ती एका पुरुषाच्या नावाने. खुद्द गिटार छेडणारे बहुसंख्य हात पुरुषांचेच राहिले. बुसी म्ह्लोंगोच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आम्ही पुन्हा पुन्हा त्या जागेशी थांबतो, जेथे सुरावट थबकते, खर्जाची तार एकटी चालू राहते आणि एका बाईचा आवाज श्वास न घेता बोलू लागतो.