चौथे ऋण

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे एक लहानसे तीर्थ आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते, आणि पूर्णेत बुडी मारणारा ऋणातून सुटतो, ही श्रद्धा त्या नावातच वसलेली आहे. ज्या मुलखाचा अर्वाचीन इतिहास थकलेल्या कर्जापासून सुरू होतो, त्या मुलखाला तीर्थही कर्ज फेडणारेच लाभावे, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे.

कारण वऱ्हाड प्रांतच मुळी गहाणवटीचा! निजामाच्या पैशावर पोसलेल्या, परंतु इंग्रजांचाच हुकूम मानणाऱ्या कंटिंजंट फौजेचा तनखा थकला, आणि १८५३ च्या तहाने हा काळ्या मातीचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली झाला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी तो सोडवण्यासाठी पुढे वर्षानुवर्षे खटपट केली ती निष्फळ ठरली, आणि अखेर १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनसाहेबांनी दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात त्याचा कायमचा पट्टा लिहून घेतला. देणेकरी हैदराबादेस, घेणेकरी कलकत्त्यास, आणि सारा भरणारा कुणबी मात्र पूर्णेच्या खोऱ्यात.

त्या कुणब्याचे स्वतःचे देणे निराळेच होते. इंग्रजी जमाबंदीत जमीन त्याच्या नावे लागली खरी; पण नावे लागलेली जमीन गहाणही पडू शकते, हे त्याच्याआधी सावकाराने ओळखले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढवलेले कापसाचे भाव युद्ध सरताच कोसळले, आणि तेजीत वाढलेला खर्च तमस्सुकांवर जाऊन बसला.

याच मुलखात शेंडगाव येथे, परिटाच्या घरी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मला. बाप दारूपायी अकाली गेला. आईने मुलाला मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यास, आपल्या माहेरी नेले. तेथे मामाची जमीन कागदाच्या फेऱ्यात सापडून सावकाराच्या घशात गेली, आणि सावकार कबजा घ्यायला शेतावर आला तेव्हा औत हाकणाऱ्या या भाच्याने त्याला हुसकावून लावले, असे चरित्रकार सांगतात. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले; अंगावर चिंध्या, हाती काठी आणि मडक्याचे खापर. त्या खापरावरूनच लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले.

काही वर्षांनी हा माणूस ऋणमोचनास आला तो स्नानासाठी नव्हे. नदीकडची उतरण चिखलाची, यात्रेकरू घसरून पडत. याने कुदळ घेऊन वाट बांधायला घेतली आणि पुढे तेथे घाट उभा राहिला. आपले देणे नदीवर सोपवून मोकळे होऊ पाहणाऱ्या त्या गर्दीत, ते हाताने फेडणारा एवढा एकच होता, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण आपण सर्वांनी पाठ केलेले असते. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथेही एक ऋण सांगितले आहे, मनुष्यांचे, आणि ते फिटते आल्यागेल्याला आसरा नि अन्न दिल्याने. निरक्षर गाडगेबाबांनी हा ग्रंथ ऐकला असण्याचा संभव नाही. तरी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे, आणि मुंबईस जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रोग्यांच्या नातलगांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या, त्या याच ऋणाच्या पावत्या होत. यास पुण्यकर्म म्हणणे मला तितकेसे रुचत नाही. पुण्य जमेस धरायचे असते, आणि या माणसाने आपले नाव सदैव देणेकऱ्यांतच मांडले. गावात शिरताच झाडलोट, मग भाकर, असा त्यांचा क्रम होता. रात्री कीर्तनात, समोरच्या कास्तकारांना प्रश्न विचारून, उत्तरे त्यांच्याच तोंडून काढवीत, ते सांगत ते हेच, की कर्ज काढून सण करू नका, पण पोरांना शिकवा.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावनजीक पेढी नदीजवळ, त्यांचा अंत झाला. त्याआधी सात वर्षे, ज्याच्या मामाचे शेत एका दस्तऐवजाने गेले होते त्या या माणसाने दुसऱ्या एका व्यवहाराने पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, आणि मोबदला काही मागितला नाही.